‘पाप्याचे पितर’

अतिशय हडकुळ्या माणसास मराठीत ‘पाप्याचे पितर’ म्हणतात. पितर पिंडांवर पोसतात. पापी वंशज ते देत नाही, म्हणून ते उपासमारीने झिजतात, हा त्यामागील समज. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारूला आपले पितर खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसतात. निराहार, कृश, दीन. आधार वाळ्याच्या एका जुडीचा. तिचे मूळही उंदीर कुरतडतो आहे. जरत्कारू मात्र पापी नव्हे, तपस्वी! लग्नाअभावी वंश खुंटणार, एवढाच त्याचा दोष. वाक्प्रचारातील पापी आम्हांस म्हणूनच अधिक खटकतो. पाप वंशजाचे, भूक पितराची आणि हसे मात्र समोरच्या हाडकुळ्याचे! शिवाय बोलीत ते ‘पाप्याचं पितर’, म्हणजे नपुसकलिंगी. संस्कृतातला पुल्लिंगी पूर्वज येथे नुसते ‘ते’ होऊन उरतो.