चाळीस हजारांची उधारी

माणूस मेला की त्याची नोंद दोन जागी होते. एक पोलिसाच्या पंचनाम्यात. दुसरी त्याच्या दोस्तांच्या तोंडात. आजवर इतिहास म्हणून आपल्या पुढ्यात जे टाकलं गेलं, ते सगळं पहिल्या जागेवरून उचललेलं. आपल्या आज्या-पणज्यांची नावं हुडकायला जा. सापडलीच तर सावकाराच्या खतात सापडतील, कोर्टाच्या समन्सात सापडतील. दोस्तांच्या तोंडात जे होतं ते दोस्तांबरोबर मातीत गेलं.

म्हणून दोस्तहो, एका पोराचा इतिहास मी इथं दुसऱ्या जागेवरून लिहायला बसलोय. तो माझा दोस्त नव्हता. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. पण कॉलेजातला सोबती गेल्यावर मागं राहिलेल्यांनी त्याला कसा सांभाळला, हे समजायला डिग्री लागत नाही.

रोहित वेमुला. जन्म ३० जानेवारी १९८९, आंध्रातलं गुंटूर. आई राधिका. नवऱ्यापासून वेगळी झालेली, शिलाईच्या मशीनवर पोरं वाढवलेली. रोहितनं बी. एस्सी. गुंटूरला केली. तेव्हाचा त्याचा एक दोस्त पुढं पेपरवाल्यांना सांगत होता, की रोहित बांधकामावर जायचा, लग्नाकार्यात वाढप्याचं काम करायचा, रस्त्यावर जाहिरातीचे कागद वाटायचा, आणि त्यातून शिकायचा. हे कुठल्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नव्हतं. मार्कशीटवर मार्क असतात, डोक्यावरच्या घमेल्याचं वजन नसतं. ते दोस्तालाच ठाऊक असतं.

तिथून तो हैदराबाद विद्यापीठात आला. एम. एस्सी. झाला, पीएच. डी.ला लागला. आधी जीवशास्त्रात, मग विज्ञान आणि समाज यांचा संबंध तपासणाऱ्या विषयात. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचं काम करू लागला. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानाचा लेखक व्हायचं होतं. हे नीट ध्यानात ठेवा. आपल्यातला पोरगा मेला की त्याच्या कपाळावर फक्त जात उरते. हा पोरगा ताऱ्यांकडं बघत होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन संघटनांत भांडण झालं. दुसऱ्या बाजूच्या नेत्यानं मारहाणीची तक्रार केली. या पोरांनी ती नाकारली. केंद्रातले मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी शिक्षणमंत्री स्मृती इराणी यांना पत्र लिहिलं. चौकश्या झाल्या. शेवटी डिसेंबरात पाच जणांवर हुकूम निघाला. पाचही दलित. हुकूम काय, तर वर्गात बसा, लायब्ररीत जा, पण हॉस्टेलात राहायचं नाही, कचेरीच्या इमारतीत यायचं नाही, सार्वजनिक जागी घोळक्यानं फिरायचं नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही.

हा हुकूम पुन्हा एकदा वाचा. आपल्या आज्याला वाचून दाखवा. आज्याला इंग्रजी येत नसेल, कायदा कळत नसेल, पण असला हुकूम त्याला तोंडपाठ असतो. कामाला या, वस्तीला थांबू नका. विहीर आमची, वाट आमची, चावडी आमची.

जानेवारी २०१६ च्या सुरुवातीला हॉस्टेलच्या खोल्या सुटल्या. पाच जण गाद्या-वळकट्या आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन बाहेर पडले आणि विद्यापीठातल्या दुकानांच्या चौकात उघड्यावर झोपू लागले. त्या जागेला त्यांनी नाव दिलं, वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची आपली वस्ती. मराठीत अर्थ करून सांगायची गरजच नाही. वाडा हा शब्द आपल्याकडंही दोन तोंडांचा आहे. पाटलाच्या पुढं लागला की चिरेबंदी होतो, महाराच्या पुढं लागला की गावकुसाबाहेर जातो. पोरांनी विद्यापीठाच्या ऐन मध्यावर गावकूस आखून दाखवलं. समाजशास्त्राच्या कुठल्या प्रबंधाला हे इतकं सरळ जमलं असतं?

१७ जानेवारी २०१६, रविवार. रोहितनं एका दोस्ताच्या खोलीत आपला जीव संपवला. वय सव्वीस. कसा संपवला ते मी लिहिणार नाही. ते सांगून कुणाचं भलं होत नाही. आणि मरण्यात काही मोठेपण होता असंही मी म्हणणार नाही. तो जगायला पाहिजे होता. बस.

मागं एक पत्र राहिलं. ते जगभर वाचलं गेलं. ताऱ्यांबद्दलची त्यातली वाक्यं लोकांनी भिंतींवर लिहिली, फलकांवर रंगवली. मला मात्र पत्राच्या शेवटाकडचा मजकूर जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथं हिशेब आहे. सात महिन्यांची फेलोशिप यायची आहे, एक लाख पंचाहत्तर हजार. ती घरच्यांना मिळेल असं बघा. एका दोस्ताचे चाळीसेक हजार द्यायचे आहेत. त्यानं कधी मागितले नाहीत, पण त्यातून ते द्या. ज्याची खोली वापरली त्या दोस्ताची माफीही त्यानं मागितली आहे.

महिना पंचवीस हजार, सात महिने. जुलैपासूनचे पैसे थकलेले. विद्यापीठ म्हणालं कागदपत्रांचा उशीर, दोस्त म्हणाले मुद्दाम अडवले. आपण तूर्त एवढंच धरू, की पैसे आले नव्हते. मग हे सात महिने पोरगा जेवला कसा? दोस्ताच्या खिशातून. चाळीस हजार म्हणजे काय, तर दोस्तानं मोजलेलं जेवण, बसचं भाडं, झेरॉक्स आणि चहा. आणि ते त्यानं मागितले नाहीत.

आमच्या गिरणीत एखादा कामगार गेला की तिसऱ्या दिवशी खात्यातली माणसं गोळा होतात. कुणी विचारतं, खानावळीचं किती राहिलंय, पानवाल्याचं किती, कुणाकडून उचल होती का. वर्गणी निघते. देणं फिटतं. ज्यानं स्वतः उसने दिलेले असतात तो गप्प उभा राहतो. त्या गप्प उभ्या राहण्याला आम्ही दोस्ती म्हणतो. रोहितच्या पत्रात तोच माणूस आहे, फक्त विद्यापीठातला.

ही गोष्ट नवी नाही. आपल्या शिक्षणाचा इतिहास उधारीवर उभा आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा दोस्त झाला. पुढं १९२० साली लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागं टाकलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती, आणि याच नवलकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. लंडनहूनही त्यांना पैशासाठी नवलला लिहावं लागलं. बघा कसं आहे. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस, तो ग्रंथ १९२३ साली छापून निघाला, आणि तो लिहिताना स्वतः रुपयासाठी कॉलेजच्या दोस्ताला पत्र टाकत होता. राज्यघटना आपण सगळे वाचतो. तिच्यामागं एका पारशी दोस्ताचे पाच हजारही आहेत, हे किती जणांना ठाऊक?

नवलची उधारी एका माणसाला पार घेऊन गेली. रोहितच्या दोस्ताची उधारी अपुरी पडली. दोस्त कमी पडला म्हणून नाही. ज्यानं द्यायचं ते हक्काचं होतं आणि ते वेळेवर आलं नाही म्हणून. हक्काचे पैसे थकतात तेव्हा दोस्तीवर किती भार टाकायचा? दोस्ताच्या खांद्याला पण हाड असतं.

आणि रोहित पहिला नव्हता. त्याच विद्यापीठात २००८ साली सेंथिल कुमार गेला, तमिळनाडूतनं आलेला, डुकरं पाळणाऱ्या जातीतला, फिजिक्समध्ये संशोधन करणारा. २०१३ साली मदारी व्यंकटेश गेला. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी पोरांना कसं वेगळं पाडलं जातं, हे सुखदेव थोरात यांच्या समितीनं २००७ सालीच लिहून दिलं होतं. कागद होता. वाचणारे डोळे नव्हते.

मग पहिल्या जागेवरच्या नोंदीनं काय केलं? निवृत्त न्यायमूर्ती रूपनवाल यांचा आयोग बसला. त्याचा अहवाल २०१७ साली लोकांपुढं आला. हुकुमाचा दोष नाही म्हणाला, आणि रोहित दलित होता का यावरच शंका काढून बसला. राधिका जन्मानं माला, वाढली वड्डेरांच्या घरात, नवराही वड्डेरा. तेवढ्यावरून तिची जात मोजली गेली. २०२४ साली तेलंगणाच्या पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तोही जातीवर बोट ठेवून. ओरड झाली तेव्हा पुढचा तपास करू म्हणाले.

म्हणजे जिवंत होता तेव्हा त्याला त्याच्या जातीची जागा दाखवली. मेल्यावर ती जात त्याची नव्हतीच म्हणाले. आयुष्यभर जात सिद्ध करायला लागत नाही, ती गाव सिद्ध करतं. ती भोगली असं म्हणायची वेळ आली की मात्र दाखला लागतो.

राधिकानं काय केलं तेही लिहून ठेवलं पाहिजे. १४ एप्रिल २०१६ ला ती आणि तिचा मुलगा राजा मुंबईत दादरच्या आंबेडकर भवनात आले आणि बौद्ध झाले. २०१९ साली मे महिन्यात मुंबईच्या नायर हॉस्पिटलात डॉक्टर पायल तडवी गेली, जळगावकडची, आदिवासी तडवी भिल्ल, बायकांची डॉक्टर होऊ बघणारी. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. मागणं एवढंच, की कॉलेजांत भेदभाव थांबवण्याचे नियम कागदावर आहेत, ते चालवा. एक तेलुगू आई, एक खानदेशी आई. पोरं एकमेकांना ओळखत नव्हती. आयांनी ओळख काढली.

आता आपलं बोलू. दर १७ जानेवारीला रोहितचा फोटो निघतो. हार पडतो. घोषणा होतात. व्हायलाच पाहिजेत. पण फोटो जेवत नाही आणि फोटोला उसने द्यावे लागत नाहीत. फोटोशी दोस्ती फार सोपी असते. अवघड दोस्ती त्या माणसाची, जो सात महिने देत राहिला आणि बोलला नाही. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याला हार नको असणार.

तुमच्या वस्तीतला एखादा पोरगा आज कुठल्यातरी हॉस्टेलात बसला असेल. स्कॉलरशिप थकलेली असेल. मेसवाला वहीत आकडा वाढवत असेल. पोरगा घरी फोनवर सगळं बेस आहे म्हणत असेल. त्याला फोन करा. पैसे असतील तर पाठवा. नसतील तर जाऊन त्याच्या शेजारी बसा, आणि दोघं मिळून त्या कचेरीत जा, जिथं त्याचा कागद अडकलाय. तो गेल्यावर आपण त्याच्यावर कविता लिहू, हे आपल्याला चांगलं जमतं. मी स्वतः कविता लिहितो म्हणून सांगतो, कवितेनं मेसचं बिल फिटत नाही.

रोहितच्या पत्रातला हिशेब एका दोस्ताच्या नावावर संपतो. आपण तो तिथून पुढं चालवायचा आहे. देणं आपल्याकडं आहे.