जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ : सुटे भाग, कानस आणि एक ऐतिहासिक प्रश्न

औद्योगिक इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सॅम्युअल कोल्ट याचे नाव एका ठरावीक विधानासह येते. त्याच्या कारखान्यात रिव्हॉल्व्हरचे भाग यंत्रावर असे एकसारखे बनत, की एकाचा भाग दुसऱ्यास बिनतक्रार बसे, असे ते विधान होय. 1836 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळविणाऱ्या कोल्टने 1851 च्या लंडन येथील महाप्रदर्शनात आपली शस्त्रे मांडली, 1853 मध्ये तेथेच कारखाना काढला आणि 1854 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. त्या विधानाची कीर्ती पसरली ती येथून. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी रिव्हॉल्व्हरच्या सर्वांत दुर्लक्षित भागावरून, म्हणजे मुठीवरून, केली आहे.

जुन्या कोल्टला दुसरी मूठ बसवू पाहणाऱ्यास प्रथम अनुभव येतो तो निराशेचा. त्याच नमुन्याची, त्याच कारखान्याची मूठ आणली तरी कोठे लाकूड धातूच्या कडेबाहेर येते, तर कोठे धातू उघडा पडतो. याचे कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. अक्रोडाची मूठ धातूच्या पट्ट्यांमध्ये बसवून लाकूड व धातू एकत्रच घासले जात. घासणाऱ्याच्या हाताने प्रत्येक वेळी धातू थोडा कमीअधिक निघे. त्यामुळे प्रत्येक सांगाड्याची कड केसभर निराळी होई. म्हणूनच अनेक मुठींच्या आतील खाचेत शस्त्राचा अनुक्रमांक शाईने लिहिलेला आढळतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांतही उजव्या फळीच्या आतील बाजूस क्रमांक असे. जे भाग खरोखर परस्परांना बसतात त्यांची जोडी क्रमांकाने बांधून ठेवण्याचे प्रयोजन ते काय? (आपल्याकडचा सुतार कोयत्याला मूठ बसवताना वेगळे काय करतो?)

डेव्हिड हाउन्शेल यांनी 1984 च्या ग्रंथात कोल्टच्या कारखान्यातील अदलाबदलीच्या दाव्याविषयी शंका घेतली होती, आणि रॉबर्ट गॉर्डन यांनी 1988 मध्ये जुन्या बंदुकांच्या भागांवरील कानशीच्या खुणा वाचून हस्तकौशल्याचे महत्त्व दाखवून दिले. मुठीची साक्ष याच बाजूची आहे.

तथापि विरुद्ध पुरावाही नोंदविला पाहिजे. 1873 च्या नमुन्याची सैन्यातील रिव्हॉल्व्हरे 1895 पासून दुरुस्तीस घेण्यात आली. त्यांच्या साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांपर्यंत कापल्या गेल्या आणि जोडणी करताना भागांचे क्रमांक जुळविण्याची फिकीर केली गेली नाही. अशी मिश्र क्रमांकांची शस्त्रे सैन्यात वापरली गेली. अर्थात बसणे आणि चपखल बसणे यांत अंतर आहे. सैन्याला पहिले पुरेसे होते; कारखान्याच्या विक्रेत्याला दुसरे हवे होते. अदलाबदलीचा वाद बराचसा या दोन अर्थांच्या गफलतीतून वाढला, असे माझे मत आहे.

आजचा जाणकार कारागीर यावर एकच उपाय करतो. तो मुद्दाम थोडी मोठी फळी घेतो, सांगाड्यातील खुंटीवर ती नीट टेकवतो आणि जादा लाकूड कानशीने उतरवत नेतो. जुन्या धातूला मात्र तो कानस लावत नाही. कठीण रबराच्या जुन्या फळ्यांचे तसे करता येत नाही. त्या काळाच्या ओघात आकसलेल्या असतात, आणि आकसलेली फळी वाढवता येत नाही.