ज्यू लोकगीतांचे ध्वनिमुद्रण : ‘पारंपरिक’ म्हणजे मोफत नव्हे

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ‘चाल : पारंपरिक’ असे छापले की कॉपीराइटचा प्रश्न मिटला, असा समज संगीतक्षेत्रात रूढ आहे. ज्यू लोकसंगीताच्या बाबतीत तो महागात पडू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जात असाव्यात असे वाटणाऱ्या अनेक चाली प्रत्यक्षात विसाव्या शतकातील ज्ञात संगीतकारांच्या आहेत.

शब्बाथच्या संध्याकाळी गायल्या जाणाऱ्या ‘शालोम अलेखेम’ची सर्वपरिचित चाल इस्रायल गोल्डफार्ब यांनी १९१८ मध्ये न्यूयॉर्क येथे बांधली. ‘ओसे शालोम’ या प्रार्थनेचे शब्द प्राचीन. मात्र तिची लोकप्रिय चाल नुरित हिर्श यांची, १९६९ सालची आहे. १९९४ मध्ये निधन पावलेल्या श्लोमो कार्लबाख यांच्या कित्येक रचनाही सर्रास ‘पारंपरिक’ म्हणून गायल्या जातात.

याउलट ‘हावा नागिला’ची मूळ धून सादिगुरा येथील हसिदी पंथीयांची. तिला आजचे रूप देणारे संगीतसंशोधक अब्राहम इडेलसोन १९३८ मध्ये वारले.

हक्कांचे तीन स्तर

ध्वनिमुद्रणापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात : मूळ चाल व शब्द, संगीत संयोजन आणि ध्वनिमुद्रण. मूळ चाल खुली असली, तरी एखाद्याने केलेले नवे संयोजन त्याच्या मालकीचे असते. हा हक्क त्याने घातलेल्या भरीपुरताच असतो; मूळ चालीवर तो दावा सांगू शकत नाही. तसा दावा मान्य झाल्यास अवघ्या समाजाची धून एका व्यक्तीच्या खात्यावर जमा होईल.

ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी निराळा. मोइशे बेरेगोव्स्की यांनी युक्रेनमध्ये मेणाच्या नळकांड्यांवर जमवलेले यिद्दिश संगीत कीव्हच्या वेर्नाद्स्की राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. असे संग्रह ऐकून लोकधून शिकण्यास कोणाचीही आडकाठी नाही. त्यातील मूळ आवाज स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेत वापरायचा झाल्यास मात्र हक्कांची स्थिती पाहून संबंधित संस्थेची परवानगी घ्यावी.

मुदत आणि परवाना

युरोपीय संघातील देशांत व इस्रायलमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, तर भारतात ६० वर्षे हक्क टिकतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांसाठी साधारणतः प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत आहे. त्यामुळे १९१८ मध्ये प्रकाशित झालेली गोल्डफार्ब यांची चाल तेथे खुली आहे. हिर्श यांची नाही.

हक्क शाबूत असल्यास अमेरिकेत आधी ध्वनिमुद्रित झालेले गीत ठरलेली रॉयल्टी भरून पुन्हा मुद्रित करता येते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनुसार असे नवे ध्वनिमुद्रण मूळ गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे उलटल्यावरच करता येते आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी द्यावी लागते. चित्रपटात गीत वापरण्यासाठी हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते.

कोकणातील बेने इस्राएल समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी कीर्तने रचली गेली. तीही ध्वनिमुद्रित करताना कवन कोणाचे आणि चाल कोठून घेतली, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

‘पारंपरिक’ हा शब्द छापण्यापूर्वी चाल कोणत्या संग्रहातून वा कोणाकडून मिळाली, याची लेखी नोंद ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय. रचनाकार ज्ञात असल्यास त्याचे नाव छापणे हे कायद्याइतकेच सौजन्याचेही कर्तव्य आहे.