कौटुंबिक हिंसाचार : ओळख, अधिकार आणि आधार

महाडहून भोरकडे जाणाऱ्या मार्गावर, घाटाच्या पायथ्याशी वरंध हे गाव वसले आहे. महाड-पोलादपूर परिसरातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबई आणि गाव अशी विभागलेली असतात. अशा घरातील भगिनीवर अत्याचार होत असल्यास तिने दाद कोठे मागावी आणि ख्रिस्ती पत्नीने घर सोडावे काय, या प्रश्नांचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

हिंसाचार म्हणजे काय?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. केवळ मारहाण म्हणजे हिंसाचार नव्हे. शिवीगाळ, मूल न झाल्याबद्दलचे टोमणे, लैंगिक जबरदस्ती, घरखर्च अडवणे, स्त्रीधन हिरावणे यांचाही त्यात समावेश होतो. पत्नीप्रमाणेच एकत्र राहणारी आई, बहीण व विधवा सून यांनाही हे संरक्षण लाभते.

ख्रिस्तसभेची भूमिका

विवाहसंस्कार अभेद्य आहे. तथापि, मार मुकाट्याने सोसणे म्हणजे क्रूस वाहणे, हा सल्ला ख्रिस्तसभेच्या शिकवणीस धरून नाही. जोडीदारामुळे स्वतःला वा मुलांना गंभीर शारीरिक अथवा मानसिक धोका असल्यास वेगळे राहण्यास कॅनन लॉचे कलम ११५३ मान्यता देते. विलंब धोक्याचा असेल, तर पीडित व्यक्ती स्वतःही तसा निर्णय घेऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात हीच भूमिका मांडली. वेगळे राहणे म्हणजे विवाहबंधन तोडणे नव्हे. केवळ त्या कारणाने पवित्र कम्युनियनही नाकारले जात नाही.

मदत कोठे मिळेल?

तातडीच्या प्रसंगी पोलिसांना ११२ वर आणि महिला हेल्पलाइनला १८१ वर कळवावे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयात सादर करतात. स्त्री जेथे तात्पुरती राहते, तेथेही अर्ज करता येतो. म्हणून मुंबईहून वरंधला माहेरी आलेल्या भगिनीस महाडच्या दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात विलंब होतो, म्हणून अंतरिम आदेश अवश्य मागावा. आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी तेथे नांदलेल्या सुनेला निवासाचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणातर्फे मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था व पोलीस यांनी महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यात अन्यत्रही उभे राहिले.

धर्मग्रामाचे कर्तव्य

पीडितेवर विश्वास ठेवावा, तिचे म्हणणे गुप्त राखावे आणि तिच्या संमतीवाचून पतीशी बोलू नये. समेटाची घाई तिच्या जिवावर बेतू शकते. आधी तिची व मुलांची सुरक्षितता, मग समुपदेशन, हा क्रम धर्मगुरू, धर्मभगिनी व शेजारी या सर्वांनी पाळावा, अशी आमची विनंती आहे.