दोन रोगांची उशिरां पटलेली ओळख

डब्लिन शहरांतील मीथ रुग्णालयांत डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून विद्यार्थ्यांस शिकवीत असत. इ. स. १८३५ सालीं छापून आलेल्या त्यांच्या एका व्याख्यानांत तीन स्त्रियांची हकीकत आहे. तिघींच्याही छातींत दीर्घकाळ धडधड चाललेली होती आणि तिघींच्याही गळ्यावर सूज होती. एकीच्या हृदयाचे ठोके तर पलंगापासून कांहीं अंतरावर उभ्या असलेल्या माणसासही ऐकूं येत! गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि आणि हें बेफाम धांवणारें हृदय यांचा कांहीं तरी संबंध असला पाहिजे, असें ग्रेव्ह्ज यांनीं सुचविलें. मूत्रपिंडांचा विचार त्या व्याख्यानाच्या कक्षेंत नव्हता, आणि पुढें कित्येक पिढ्या तो वैद्यांच्याही कक्षेंत फारसा आला नाहीं.

वास्तविक मूत्रपिंडाच्या रोगाची ओळख जगास त्याच सुमारास झाली होती. अवघीं आठ वर्षें आधीं, १८२७ सालीं, लंडनमधील गाय रुग्णालयाचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगावर सूज आलेल्या रोग्याची लघवी चमच्यांत घेऊन ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाची. अंड्याचा पांढरा बलक तापवितांच जसा गोठतो, तसा तिच्यांत साका धरला, तर मूत्रपिंडें बिघडलीं असें समजावयाचें. असा रोगी दगावला म्हणजे ब्राइट शवविच्छेदन करून मूत्रपिंडें स्वतः पाहत आणि आपला तर्क ताडून घेत. एक चमचा आणि एक मेणबत्ती एवढ्या सामग्रीवर एका मोठ्या शास्त्राचा पाया घातला गेला, ही गोष्ट आजच्या यंत्रांनीं भरलेल्या प्रयोगशाळांकडे पाहतांना आठवण ठेवण्याजोगी आहे.

‘ब्राइटचा रोग’ आणि ‘ग्रेव्ह्जचा रोग’ हीं दोन नांवें अशा रीतीनें वैद्यकाच्या पुस्तकांत जवळजवळ जोडीनें शिरलीं. दुसऱ्या नांवाविषयीं मात्र सर्वांचें एकमत नाहीं. जर्मन लोक त्या रोगास बासेडो यांचें नांव देतात, कारण मेर्सेबुर्ग येथील या वैद्यानें १८४० सालीं फुगलेला गळा, पुढें आलेले डोळे आणि जलद नाडी हीं तीन लक्षणें एकत्र करून दाखविलीं. बाथ येथील डॉ. कॅलेब पॅरी यांनीं तर असा रोगी १७८६ सालींच पाहिला होता. पण त्यांचें लेखन १८२५ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं छापलें गेलें. कीर्ति पाहणाऱ्यापेक्षां वेळेवर छापणाऱ्याकडे जाते ती अशी.

ही ग्रंथि शरीरांत नेमकें काय करते, हें कळावयास आणखी साठ वर्षें लागलीं. १८९५ सालीं मॅग्नस-लेव्ही या जर्मन संशोधकानें ग्रेव्ह्जच्या रोग्यांचा श्वास मोजला, तेव्हां स्वस्थ पडून असतांनाही ते निरोगी माणसापेक्षां पुष्कळच अधिक प्राणवायु खर्च करतात असें आढळलें. लोहाराच्या भात्याप्रमाणें ही ग्रंथि सर्व शरीराचा अग्नि फुलवीत असते. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडाल यांनीं तिच्यांतील मुख्य द्रव्य, थायरॉक्सिन, शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. भाता जोरानें चालला कीं रोगी भरपूर जेवूनही वाळतो, त्याचे हात कांपतात, झोंप उडते आणि हृदय धांवूं लागतें. हृदयानें फेंकलेल्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जात असतो. तेव्हां हृदयाची घाई मूत्रपिंडांस भोंवल्यावांचून कशी राहील?

ग्रंथि आणि लघवी यांचें कांहीं नातें आहे, याची कुणकुण मधून मधून लागत होतीच. व्हिएन्नाचे हान्स एपिंगर यांनीं १९१७ सालीं सुजेवर एक ग्रंथ लिहिला. थायरॉइडचा अर्क दिला असतां सूज आलेल्या कांहीं रोग्यांस लघवी मोकळी होते व सूज उतरते, असें त्यांत प्रतिपादन होतें. पुढें दाखाऊच्या बंदिखान्यांतील कैद्यांवर खारें पाणी पाजण्याचे जे निर्दय प्रयोग झाले त्यांत याच एपिंगरांचा हात होता, आणि १९४६ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. त्या अर्काची उपाययोजनाही कालांतरानें मागें पडली. पण ग्रंथीचा रस वाढला कीं मूत्रपिंडांचें काम वाढतें, एवढें सूत्र त्यांतून उरलें. काम वाढतें तें हिताचें कीं अहिताचें, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी विचारला नाहीं.

न विचारण्याचें एक कारण असें, कीं मोजमाप उलटेंच सांगत होतें. मूत्रपिंडांची परीक्षा रक्तांतील क्रिएटिनिन या द्रव्यावरून करतात. माक्स याफे यांनीं १८८६ सालीं त्याची रंगावरून ओळख पटविण्याची युक्ति काढली आणि ती थोड्याफार फरकानें आजही अनेक ठिकाणीं चालते. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या संसाराचा केर. मूत्रपिंडें तो झाडून बाहेर टाकतात; तीं थकलीं कीं केर साचतो आणि आंकडा चढतो. आतां थायरॉइडनें पछाडलेल्या रोग्याचें पाहा. त्याचे स्नायू झिजलेले, म्हणून केर मुळांतच कमी. आणि रक्ताचा ओघ वाढल्यानें झाडणारा हात अधिक चपळ. दोहों बाजूंनीं आंकडा खालींच उतरणार. मूत्रपिंडांस आंतून कीड लागलेली असली तरी कागदावर तीं ठणठणीत दिसतात, आणि वैद्य निर्धास्त राहतो!

या आंकड्यावर विसंबून न राहतां गाळण्याची क्रिया प्रत्यक्ष मोजण्याचा मार्ग १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कचे होमर स्मिथ आणि त्यांचे समकालीन यांनीं दाखविला. डेलियाच्या कंदांत सांपडणारें इन्युलिन नांवाचें द्रव्य शिरेंत सोडावयाचें आणि तें लघवींतून किती वेगानें बाहेर पडतें तें पाहावयाचें. अशा मापनांतून पुढें दिसून आलें, कीं थायरॉइड फार जोरांत असतांना मूत्रपिंडांची गाळण सुमारें एक पंचमांशानें वाढलेली असते. प्रथमदर्शनीं ही वाढ शुभच वाटावी. परंतु १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीं बोस्टनचे बॅरी ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं, जादा दाबाखालीं अखंड गाळत राहणाऱ्या चाळण्या शेवटीं स्वतःच फाटत जातात, हा विचार मांडला. ब्राइट यांच्या चमच्यांत गोठणारा तो अल्ब्युमिन अशाच विरलेल्या चाळणींतून गळत असतो.

पण मूत्रपिंडांचा हा लपंडाव खऱ्या अर्थानें उघडकीस आणला तो मांजरांनीं. १९७९ सालीं न्यूयॉर्कचे पशुवैद्य मार्क पीटरसन व त्यांचे सहकारी यांनीं म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइडचा अतिरेक होतो हें प्रथम वर्णन केलें. मांजरांत तो ग्रेव्ह्जचा रोग नव्हे; ग्रंथीवर बहुधा साध्या गांठी येतात. परिणाम मात्र तेच. हांवरटासारखें खाणारें, तरीही हाडें दिसूं लागलेलें, रात्रभर येरझारा घालणारें मांजर घेऊन लोक दवाखान्यांत येत. उपचार होई, मांजर बाळसें धरी, धनी खूष होई. आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच मांजराच्या रक्ताचा आंकडा भलताच चढलेला निघे. औषधानें मूत्रपिंडें मारलीं, असा बोल साहजिकच औषधास लागे.

१९९४ सालीं अमेरिकन पशुवैद्यांच्या एका गटानें शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर मांजरांची गाळण मोजून पाहिली. योगायोग असा, कीं या लेखाच्या पहिल्या लेखकाचें आडनांवही ग्रेव्ह्जच होतें. ग्रंथि काढल्यावर गाळण घटली. औषधानें किंवा शस्त्रानें नवा घाव घातला नव्हता. रोगानें दिलेली उसनी उभारी तेवढी काढून घेतली होती. तेव्हांपासून पशुवैद्य पुष्कळदां आधीं मेथिमाझोल ही गोळी देऊन पाहतात. गोळी थांबविली कीं परिणामही थांबतो, म्हणून ग्रंथि शांत झाल्यावर मूत्रपिंडांचें खरें रूप कसें दिसतें हें कळतें. मग कायमच्या उपायाचा विचार. तो उपाय, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडिन, माणसांवर प्रथम १९४१ सालीं बोस्टन येथें डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं वापरला होता.

मग ती उसनी उभारी तशीच राहूं द्यावी, असेंही मध्यंतरीं कांहीं जणांस वाटे. तें पटण्यासारखें नाहीं. ग्रंथीचा अतिरेक रेनिन वाढवितो, रक्ताचा वरचा दाब चढवितो, हृदय थकवितो आणि चाळण्यांवरील ताण चालूच ठेवतो. उलट टोंकही तितकेंच वाईट; उपचाराच्या भरांत ग्रंथि अगदींच मंद पडली, तर गाळण नको तितकी खालीं येते आणि मूत्रपिंडें असतील त्यापेक्षांही दुबळीं दिसतात. अशा वेळीं थायरॉक्सिन योग्य प्रमाणांत दिल्यास तीं पुष्कळ अंशीं सावरतात. क्वचित् प्रसंगीं ग्रंथीवरचें औषधच घातक ठरतें. प्रोपिलथायोयुरासिल घेणाऱ्या थोड्या रोग्यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह होऊन लघवींतून रक्त जाऊं लागतें. तें दिसतांच गोळी बंद करावी लागते.

माणसांतही मांजरांसारखेंच घडतें. थायरॉइडवरील उपचार सुरू होऊन कांहीं आठवडे लोटले कीं क्रिएटिनिन थोडें वाढतें, आणि अहवाल हातीं पडतांच घरांत चिंता पसरते. बहुतेकांचा आंकडा नेहमीच्या मर्यादेंत येऊन स्थिरावतो. कांहींचा मात्र त्या मर्यादेबाहेर जातो, आणि वर्षानुवर्षें मधुमेहानें किंवा रक्तदाबानें पोखरलेलीं मूत्रपिंडें तेव्हां प्रथम नजरेस येतात. यावर तोड म्हणून सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या द्रव्याची परीक्षा करावी, तर तेथें उलटीच पंचाईत! मूत्रपिंडांचा दोष नसतांही थायरॉइडच्या जोरानें त्या द्रव्याची उत्पत्ति वाढते, आणि ग्रंथि शांत झाली कीं तें उतरतें. एक माप रोग्यास आहे त्याहून बरा ठरवितें, दुसरें आहे त्याहून वाईट. म्हणून ग्रंथि ताळ्यावर आल्यानंतर दोन्ही मापें पुन्हां घ्यावीं लागतात, आणि त्यांच्या जोडीला लघवींतील अल्ब्युमिनही पाहावें लागतें. तें आतां चमच्यांत तापवीत नाहींत, एवढाच फरक.