सूचनाफलकाची भाषा : सीमाभागातील स्थानिक कारभाराचा दुर्लक्षित इतिहास

सीमाप्रश्नाचा इतिहास आपल्याकडे बहुधा आयोग, अहवाल, ठराव आणि सत्याग्रह यांच्या क्रमाने सांगितला जातो. १९४६ चे बेळगावचे साहित्य संमेलन, १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे टप्पे सीमाभागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. तो क्रम योग्यच आहे. परंतु सामान्य माणसाला राज्य भेटते ते आयोगाच्या अहवालात नव्हे. ते भेटते घरपट्टीच्या नोटिशीत, नळाला पाणी येण्याच्या वेळापत्रकात, जन्माच्या दाखल्यात, जमिनीच्या उताऱ्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकात. हे कागद कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत निघत आले, या प्रश्नालाही स्वतंत्र इतिहास आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासाचा मागोवा घेत आहोत; कारण आज आपण जी मागणी करतो तिची मुळे तेथे आहेत, आणि तिच्या मर्यादाही.

दवंडीपासून छापील नोटिशीपर्यंत

राजाज्ञा वा दानाची वार्ता अनेक भाषांत जाहीर करणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांतील लेख कोरलेले आहेत. मूर्ती चावुंडरायाने करविली, हे त्या लेखांत सांगितले आहे. पुढे बाराव्या शतकात गंगराजाने सभोवतालचे आवार बांधविल्याची नोंदही तेथेच आहे. कर्नाटकाच्या ऐन अंतर्भागात, कन्नड राजसत्तेच्या छायेत, दूरदेशीहून येणाऱ्या यात्रेकरूला त्याच्या भाषेत वाचता यावे म्हणून दगडावर तीन भाषा कोरल्या गेल्या. मराठीच्या आद्य लेखांपैकी एक म्हणून आपण या लेखाचा अभिमान बाळगतो. त्यातील सार्वजनिक सूचनेचे तत्त्व मात्र आपण क्वचितच लक्षात घेतो. ज्याला सांगायचे त्याला समजेल असे सांगावे, एवढेच ते तत्त्व आहे.

गावपातळीवर सूचना फिरत असे ती डफाच्या आवाजावर. मराठीत आपण ‘डांगोरा पिटणे’ म्हणतो. कन्नडमध्ये त्याच अर्थाचा शब्द ‘डंगुर’ असा आहे. कारभाराच्या शब्दांतही हेच शेजारपण दिसते. चावडी, कचेरी, अर्ज, तकरार, जमीन, राजीनामा, तहसीलदार, शिरस्तेदार हे शब्द किंवा त्यांची थोडी वेगळी रूपे दोन्ही भाषांत नांदतात. त्यांतील पुष्कळसे फारसी-अरबीतून आले आणि दोन्ही घरांत सारखेच रुळले. जमिनीच्या नोंदीला उत्तर कर्नाटकातील कन्नड शेतकरीही ‘उतार’च म्हणतो. म्हणून दवंडीच्या काळात सीमेवरच्या माणसाची फारशी अडचण होत नसे. कान दोन्ही भाषांना सरावलेले होते आणि अर्धे शब्द समाईक होते.

अडचण सुरू झाली ती कागदाची सत्ता वाढल्यावर. कानाला जे समजते ते डोळ्याला समजेलच असे नाही. ‘अर्जि’ हा शब्द ऐकून मराठी माणूस लगेच ओळखतो. तोच शब्द कन्नड लिपीत लिहिला की, ती लिपी न शिकलेल्याला तो परका होतो. सीमाभागातील भाषावाद हा मोठ्या अंशी लिपीचा वाद आहे, हे आम्हांला येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

जेव्हा तक्रार कन्नड माणसाची होती

या इतिहासाचे एक पान आपल्या बाजूच्या लेखनात सहसा उलटले जात नाही. ते उलटल्याशिवाय आपली मागणी प्रामाणिक ठरणार नाही.

पेशवाईत धारवाड-बेळगाव या टापूतील सरकारी दप्तर मोडी लिपीत आणि मराठी भाषेत चाले. इंग्रजी अंमल आल्यावरही मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात ही वहिवाट दीर्घकाळ टिकली. निखळ कन्नडभाषक गावांतही शाळा मराठी आणि कागदपत्र मराठी, अशी स्थिती होती. ज्या कन्नड शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद होत होती त्याला ती नोंद वाचता येत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी अविश्रांत श्रम घेतले. २० जुलै १८९० रोजी धारवाडात रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. शिक्षणात आणि सरकारदरबारी कन्नडला तिचे स्थान मिळावे, ही त्या चळवळीची प्रेरणा होती.

त्या काळच्या कन्नड सुशिक्षितांचे म्हणणे काय होते? आपल्याच गावात आपल्याच संबंधीचा कागद आपल्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. आज बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणसाचे म्हणणे याहून तसूभरही वेगळे नाही. ते म्हणणे तेव्हा न्याय्य होते, आणि न्याय भूमिकेप्रमाणे बदलत नसेल तर आजही न्याय्य आहे. कन्नड बांधवांशी बोलताना आपण हे पान आधी उघडले पाहिजे. त्याने आपली बाजू लंगडी होत नाही, उलट बळकट होते.

नगरपालिकेचा उदय आणि ठरावांचे राजकारण

बेळगावात नगरपालिका आली ती १८५१ मध्ये. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, रहिवाशांची इच्छा असेल त्या शहरात अशी संस्था स्थापन करण्याची मुभा दिली होती. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध झाला. कारभार सुधारणे हे स्थानिक संस्थांचे मुख्य प्रयोजन नसून लोकांचे राजकीय शिक्षण हे आहे, अशी त्या ठरावाची भूमिका होती. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जिल्हा नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांचे कायदे झाले आणि निवडून आलेल्या सभासदांना तेथे जागा मिळाली.

राजकीय शिक्षण हे लोकांच्या भाषेवाचून होत नाही, हे निराळे सांगावयास नको. सभेत काय ठरले, कर किती वाढला, विहिरीसाठी पैसे कोठून आले, हे मतदाराला समजले तरच तो पुढच्या वेळी जाब विचारू शकतो. मराठीने या नव्या व्यवस्थेसाठी शब्दही घडविले. ‘म्युनिसिपालिटी’ची नगरपालिका झाली, ‘मेयर’साठी सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ हा शब्द रुळला. बडोद्यात तर सयाजीराव गायकवाडांनी शासनव्यवहारासाठी बहुभाषी कोशच सिद्ध करविला. गुजरातीभाषक प्रजेच्या मराठी राजाला कारभाराचा शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी ठेवावासा वाटला, ही गोष्ट आजच्या राज्यकर्त्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

बेळगावच्या सभागृहाने मात्र लवकरच आणखी एक भूमिका स्वीकारली. १९४८ मध्ये बेळगाव नगरपालिकेने संयुक्त महाराष्ट्रात समावेशाची मागणी केली. १९७६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी ही परंपरा चालू राहिली. २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव झाला आणि राज्य शासनाने महानगरपालिका बरखास्त केली. २०११ मध्येही सभागृहावर बरखास्तीची पाळी आली.

या ठरावांचे मोल आम्ही जाणतो. लोकनियुक्त सभागृहाचा शब्द हा जनतेचाच शब्द असतो. परंतु प्रत्येक बरखास्तीनंतर कारभार प्रशासकाकडे जातो, आणि प्रशासकाला वॉर्डातील मतदाराच्या दारात उभे राहावे लागत नाही. ज्या काळात नगरसेवक नसतात त्या काळात मराठी पत्रकासाठी कोणाकडे हट्ट धरायचा, हा प्रश्न उरतो. सीमेचा निकाल दिल्लीत लागायचा तेव्हा लागेल. तोवर पाण्याचे वेळापत्रक कोणत्या लिपीत लागावे, हा प्रश्न रोजचा आहे.

संरक्षणाची कलमे

राज्यपुनर्रचनेच्या वेळीच हा धोका ओळखला गेला होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्यास सांगितले, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. या अधिकाऱ्याचे, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे, एक विभागीय कार्यालय बेळगावात होते, यावरून येथील प्रश्नाचे स्वरूप केंद्राला किती स्पष्ट ठाऊक होते ते कळते.

त्याच वर्षी केंद्र शासनाने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी एक निवेदन तयार केले. त्यातील एक सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका यांसारख्या क्षेत्रात एखादी भाषिक अल्पसंख्या १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम तिच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे तेथे सुचविले होते. नगरपालिका हे एकक स्वतंत्रपणे उल्लेखिले आहे, हे ध्यानात घ्यावे. जिल्ह्याची सरासरी दाखवून शहराचा हक्क नाकारण्यास तेथे जागा ठेवलेली नाही.

पुढे कर्नाटकाने १९८१ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा केला. स्थानिक संस्थांचा कारभार कन्नडमध्ये चालावा, हा त्याचा गाभा. मात्र १५ टक्क्यांहून कमी नसलेल्या भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत, या मागणीचा आधारही याच कायद्यात सापडतो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण या मर्यादेच्या वरच आहे. खानापूर तालुका आणि बेळगाव शहर यांची गोष्ट तर त्याहून निराळी. म्हणजे कागदावर हक्क आहे. प्रश्न आहे तो कागद छापण्याचा.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करता येईल अशी तरतूद ठेवली. तेथील भाषावाद त्यामुळे मिटला असे कोणी म्हणणार नाही. तरीही दुसऱ्या भाषेला कायद्यात नावानिशी जागा दिल्याने राज्य दुबळे होत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आज हाती असलेली साधने

इतिहासाचा उपयोग वर्तमानात व्हावा म्हणून काही व्यावहारिक गोष्टी येथे मांडतो.

पहिली गोष्ट अर्जाची. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे, कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. कर्नाटकात मराठी वापरात आहे, हे कोणी नाकारू शकत नाही. मराठी अर्ज घेत नाही असे तोंडी सांगितले गेले, तर अर्जावरच या कलमाचा उल्लेख करावा आणि नकार लेखी मागावा.

दुसरी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. येथे सावध राहिले पाहिजे. २००५ च्या कायद्यानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावयाचा असतो. मराठीचा उल्लेख त्यात नाही. म्हणून केवळ भाषेच्या कारणावरून अर्ज परत येऊ द्यायचा नसेल तर तो हिंदीत लिहावा. लिपी आपलीच आहे, आणि मुदत वाया जात नाही.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. लाभार्थ्यांच्या याद्या, कामांचा अग्रक्रम, जमाखर्च हे विषय तेथे येतात. सभेची सूचना मराठीतही लागावी, हा ठराव प्रत्येक मराठीबहुल गावाच्या ग्रामसभेत मांडता येतो आणि इतिवृत्तात नोंदवून घेता येतो. असा नोंदलेला ठराव वरिष्ठांकडे जातो. केवळ चावडीवर व्यक्त केलेला संताप तेथेच विरतो.

चौथी गोष्ट आपल्या घरातली. कन्नड वाचता येणे हा मराठीचा पराभव नव्हे. घरपट्टीच्या नोटिशीवरील हरकतीची मुदत आपल्याला लिपी येत नाही म्हणून थांबत नाही. आपल्या मुलांनी कन्नड लिपी शिकावी ती हक्क सोडण्यासाठी नव्हे, हक्क बुडत असेल तर तो वेळीच ओळखण्यासाठी. ज्या घरात आजी मराठी कागद मागते आणि नात कन्नड कागद वाचते, त्या घराला फसविणे कठीण असते.

सीमाप्रश्नाचा न्याय सर्वोच्च न्यायालयाकडे आहे आणि तो मिळेपर्यंत लढा चालूच राहील. परंतु कोणताही निकाल लागला तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारे लोक राहणारच आहेत. अक्कलकोट आणि जत येथील कन्नड माणूस महाराष्ट्रातील पंचायतीकडे जे मागेल, तेच येथला मराठी माणूस कर्नाटकातील पंचायतीकडे मागतो. आपण दोघांसाठी एकच माप वापरू, तेव्हाच आपल्या मागणीला नैतिक वजन येईल. तोपर्यंत बेळगावच्या वॉर्डात पाणी कधी येणार हे सांगणारा फलक दोन लिपींत लागावा, एवढ्यासाठी प्रत्येक सभेत, प्रत्येक अर्जात, शांतपणे आणि न थकता शब्द टाकीत राहिले पाहिजे.