तळटीप : ‘आयर्विन-गॅस’ म्हणजे काय?

* हे एका डॉक्टरचे नाव नव्हे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी येणारी ही सूज रॉडमन आयर्विन यांनी १९५३ मध्ये नोंदवली. डोनाल्ड गॅस आणि एडवर्ड नॉर्टन यांनी १९६६ मध्ये, शिरेत रंगद्रव्य टोचून काढलेल्या छायाचित्रांतून, केशवाहिन्यांतला पाझर दाखवला. नॉर्टन मात्र नावातून गळाले!

शस्त्रक्रिया छान होते आणि चार-सहा आठवड्यांनी अक्षरे पुन्हा धूसर होतात. रुग्ण नव्या भिंगाला बोल लावतो. खरे कारण, म्हणजे ही सूज, ओसीटी तपासणीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या चित्रणात) दिसते.

बऱ्याचदा सूज आपोआप ओसरते. तरी केटोरोलॅक किंवा नेपाफेनॅक या दाहशामक औषधांचे थेंब, जोडीला स्टेरॉइडचे थेंब देतात. गुण न आल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तो मोजत राहावा लागतो. मधुमेहींना या सुजेचा धोका अधिक.